बाबांना घेऊन डिसेंबरात गाड्या बघायला: हैदराबाद, अहमदाबाद की अहिल्यानगर?

मिस्त्रीची_लेक (नागपूर)

नमस्कार मंडळी. २५ ते २८ डिसेंबर, गुरुवार ते रविवार, असे चार दिवस हाती आहेत. माणसं तीन: मी, माझे बाबा आणि माझा दहा वर्षांचा मुलगा. गाडी पेट्रोल वॅगन आर. चालवणार मी एकटीच, कारण यांची त्या आठवड्यात ड्यूटी आहे.

थोडं बाबांबद्दल सांगते, म्हणजे काय विचारून राहिली ते समजेल. बाबांचं सदरमध्ये गॅरेज होतं. हात बसलेला अ‍ॅम्बेसिडर आणि फियाटवर. पुढे मारुती आल्या, त्याही शिकले, पण आवाज ऐकून रोग सांगायचे ते या दोन गाड्यांचाच. डिसेंबर म्हणजे आमच्या घरात सगळ्यात ओढाताणीचा महिना. हिवाळी अधिवेशन लागलं की शहर पांढऱ्या अ‍ॅम्बेसिडरांनी भरून जायचं, आणि मुंबईहून आठशे किलोमीटर धावून आलेल्या गाड्यांची दुखणी रात्री-बेरात्री गॅरेजवर यायची. कुणाचं रेडिएटर, कुणाचा डायनॅमो, कुणाचा क्लच. आई डबा घेऊन मला गॅरेजवर पाठवायची, तेव्हा बाबा गाडीखालून फक्त हात बाहेर काढून पाना मागायचे. त्यामुळे नाताळच्या सुट्टीत आम्ही कधी कुठे गेलोच नाही. आता गॅरेज बंद केलं, आई नाही, आणि बाबा दिवसभर घरात बसून राहतात. शिर्डीला नेते, शेगावला नेते म्हटलं तर ‘तुम्ही जाऊन या’ म्हणतात. पण खालच्या मजल्यावरच्यांची जुनी पद्मिनी चालू होत नाही असं कळलं की अनवाणीच जिना उतरतात. म्हणून ठरवलं, यांना गाड्यांच्याच दर्शनाला न्यायचं.

मुलाचं वेड वेगळं. त्याला इलेक्ट्रिक आणि रेसच्या गाड्या पाहिजेत. प्रत्येक गाडीचा पहिला प्रश्न, टॉप स्पीड किती? पण आबाजींशी त्याचं जमतं फार. क्लच म्हणजे काय ते बाबांनी त्याला जेवणाच्या दोन ताटल्या एकमेकींवर दाबून, फिरवून दाखवलं, तेव्हापासून तो मला गियर टाकताना टोकतो.

अडचणी दोन. बाबांचे गुडघे. सपाटीवर बसत-उठत दोन तास चालू शकतात, जिने नकोत. आणि एका दिवसात एकटीने किती चालवायचं हा माझा प्रश्न. मी अमरावती, वर्धा, चंद्रपूर नेहमी करते, पाचशे किलोमीटर एका दमात कधी केलं नाही.

डोक्यात तीन ठिकाणं आहेत: हैदराबाद, अहमदाबाद-उदयपूर, आणि समृद्धीने अहिल्यानगरचं टँक म्युझियम. चार दिवसांत यातलं कोणतं बसेल? आणि खरा प्रश्न असा की ज्या माणसाने आयुष्यभर बोनेटच्या आत पाहिलं, त्याला नुसत्या पॉलिश मारून ठेवलेल्या गाड्या बघून समाधान होईल का? बाबा गाडीचा रंग बघतच नाहीत. खाली वाकून स्प्रिंगच्या पात्या बघतात.

एनएच४७_प्रवासी

ताई, आधी अहमदाबादबद्दल सांगतो कारण तो रस्ता माझा पाठ आहे. नागपूर, बैतूल, इंदूर, गोध्रा, अहमदाबाद, सगळा एकच राष्ट्रीय महामार्ग ४७. अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांचा संग्रह आहे, ‘ऑटो वर्ल्ड’. शंभराहून जास्त गाड्या. रोल्स-रॉइस, बेंटली, डेम्लर, लॅगोंडा, मेबॅख, पॅकार्ड, नाव घ्या ती गाडी. एवढ्या जुन्या गाड्या एका आवारात मी दुसरीकडे पाहिल्या नाहीत. इथे एकेका गाडीपाशी तुमच्या बाबांचा अर्धा तास जाईल.

तिथून पुढे उदयपूर. मेवाडच्या राणांच्या मोटारी गार्डन हॉटेलच्या आवारात, त्यांच्याच जुन्या मोटारखान्यात ठेवल्या आहेत. २००० साली हे लोकांसाठी उघडलं. अर्धगोलाकार गॅरेज, एकेका कप्प्यात एकेक गाडी, आणि आवारात बर्मा शेलचा जुना पेट्रोल पंप अजून उभा आहे. १९३४ ची फँटम-टू रोल्स तिथे आहे, ती एका बाँडपटातही दिसली होती. कॅडिलॅक आहेत. पण मला स्वतःला त्या गाड्यांपेक्षा ते गॅरेज जास्त भावलं. गाड्या जिथे राहत होत्या, धुतल्या जात होत्या, तिथेच त्या दिसतात. तुमच्या बाबांना हा फरक पहिल्या पावलाला कळेल.

आता खरं सांगायचं तर चार दिवसांत हे करू नका. अहमदाबाद साडेआठशे किलोमीटरच्या वर आहे, उदयपूर त्याच्याही पुढे. दोन चालक असते तर इंदूरला मुक्काम करून जमवलं असतं. एकटीने, गुडघे दुखणाऱ्या माणसाला मागे बसवून, चारपैकी तीन दिवस सीटवरच जातील. उन्हाळ्यात मुलाला लांब सुट्टी असते, पण तेव्हा तिकडे ४२-४३ अंशात जुन्या गाड्या बघण्यात अर्थ नाही. पुढच्या हिवाळ्यात आठवडाभर काढा आणि यांना बरोबर घ्या.

वाटेत पिथमपूर दिसेल आणि मुलगा नक्की हट्ट करेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. तिथला ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. पण ती गाड्यांच्या चाचणीची जागा आहे, आपल्यासारख्यांना असंच गेटमधून आत सोडत नाहीत.

काचीगुड्याची_माहेरवाशीण

ताई, माझं माहेर हैदराबादचं, काचीगुडा. सासर नागपूर. त्यामुळे तुमचा रस्ता मी लहान मुलं, म्हातारी माणसं, लोणच्याच्या बरण्या, सगळं घेऊन केलेला आहे. चार दिवस असतील तर हैदराबादच. पण नकाशा बाजूला ठेवा आणि आधी वार बघा.

तुम्ही गुरुवारी निघणार, म्हणजे पहिला मोकळा दिवस शुक्रवार. आणि शुक्रवारी चौमहल्ला पॅलेस बंद, सालारजंग म्युझियम बंद, पुरानी हवेलीतलं निजाम म्युझियमही बंद. सगळे नागपूरकर नेमके तेव्हाच पोचतात आणि दारावरून परततात. शुक्रवारी दुपारी मक्का मशिदीत नमाज असते, चारमिनारच्या बाजूला गाडी न्यायचीच नाही.

म्हणून शुक्रवार सकाळ सुधा कार म्युझियमला द्या. बहादूरपुऱ्यात, प्राणिसंग्रहालयाच्या जवळ आहे. निघण्याआधी फोन करून वेळ विचारा आणि उघडल्या उघडल्या पोचा, नंतर गर्दी होते. हे म्युझियम राजामहाराजांचं नाही. के. सुधाकर नावाच्या एका माणसाने स्वतःच्या हाताने बनवलेल्या गाड्या आहेत. बुटाच्या आकाराची, बर्गरची, क्रिकेटच्या चेंडूची, कॅमेऱ्याची, पलंगाची. मुलांना तर आवडतंच, पण तुमच्या बाबांसाठी मी हे सगळ्यात वर ठेवीन. कारण या गाड्या चालतात. भंगारातून सुटे भाग आणून, छोटी इंजिनं बसवून, स्टीयरिंग जुळवून रस्त्यावर आणलेल्या आहेत. २००५ साली त्याने ४१ फूट ७ इंच उंचीची तीनचाकी सायकल बनवून गिनीज बुकात नाव लावलं. एवढ्या उंचीवर बसून पायडल मारल्यावर खालचं चाक कसं फिरत असेल, चेन कुठून नेली असेल, असल्या गोष्टी मिस्त्रीलाच दिसतात. माझे मामा टर्नर होते. आम्ही पोरं हसत पुढे गेलो तरी ते एका गाडीच्या खाली बघत उभे होते.

शुक्रवारी संध्याकाळी मुलाची पाळी. ११ फेब्रुवारी २०२३ ला भारतातली पहिली फॉर्म्युला-ई, म्हणजे इलेक्ट्रिक रेसगाड्यांची, शर्यत हैदराबादमध्ये हुसेनसागरच्या काठी झाली होती. २.८ किलोमीटरचा ट्रॅक, आणि तो रोजच्या रस्त्यांवरच आखलेला: एनटीआर मार्ग, लुंबिनी पार्क, सचिवालय, एनटीआर गार्डन. जिंकला ज्याँ-एरिक व्हर्न. महिंद्राचा संघ या स्पर्धेत २०१४ च्या पहिल्या मोसमापासून आहे, त्यांच्यासाठी ती घरची शर्यत होती. तिथे गाडी हळूच एक फेरी फिरवा आणि मुलालाच ओळखू द्या कुठे सरळ पट्टा आणि कुठे वळण. वेग अर्थातच शहराचा ठेवा. मग काठावर बाबांना बसवा, गार हवा असते.

शनिवार जुन्या शहराचा. गाडी हॉटेलवरच राहू द्या. उतरायला सिकंदराबादची बाजू घ्या, पॅरेडाइज किंवा जेबीएसच्या (जुबिली बस स्टँड) आसपास. नागपूरहून मेडचलमार्गे येताना शहरात न शिरता तिथे पोचता येतं, आणि जेबीएस परेड ग्राउंडहून एमजीबीएसपर्यंत (महात्मा गांधी बस स्टँड) मेट्रोची हिरवी लाइन थेट जाते. स्टेशनला लिफ्ट आहे, बाबांना जिना चढावा लागणार नाही. एमजीबीएसहून ऑटो.

आधी पुरानी हवेली. तिथे निजामाच्या मोटारींमध्ये १९३० ची रोल्स-रॉइस, पॅकार्ड आणि जॅग्वार मार्क-फाइव्ह आहे. पण बाबांना तिथली लिफ्ट दाखवायला विसरू नका. सहाव्या निजामाच्या कपड्यांसाठी २४० फूट लांब, दोन मजली लाकडी कपाट आहे, आणि त्याच्या वरच्या मजल्यावर जायला हाताने चालवायची लाकडी लिफ्ट. मोटर नाही, वीज नाही. दोर आणि कप्पी.

मग बारा वाजायच्या आत सालारजंगला जा. सगळं म्युझियम बघायला गेलात तर गुडघे संपतील. फक्त घड्याळाच्या दालनात जा. कुक अँड केल्वीचं संगीत-घड्याळ आहे, दर तासाला एक छोटा माणूस आतून बाहेर येतो आणि टोले देतो. बाराला जावं कारण तेव्हा तो बारा टोले देतो. बसायला जागा असते, पण लोक आधीपासून जमतात, म्हणून पंधरा-वीस मिनिटं लवकर.

जेवण करून चौमहल्ला. रोल्स-रॉइसची पिवळी सिल्व्हर घोस्ट तिथेच आहे. सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खान यांनी ती मागवली, पण १९११ मध्ये ते गेले आणि गाडी आली ती मुलाच्या, सातव्या निजामाच्या काळात. मागची बैठक सिंहासनासारखी, छत उंच. दरबारी मिरवणुकीसाठीच वापरायची, त्यामुळे चालली फार थोडी. गाड्यांना हात लावू देत नाहीत आणि बोनेट उघडून दाखवत नाहीत, हे बाबांना आधीच सांगून ठेवा म्हणजे तिथे हिरमोड होणार नाही.

तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून एवढंच सांगते, बाबांना प्रेक्षक करू नका. मुलाला पाटी वाचायला लावा आणि बाबांना विचारायला लावा. बोनेट बंद असलं तरी ते सांगू शकतील की आत काय असणार.

निवृत्त_ईएमई (हिंगणा)

वरच्या ताईंनी सिल्व्हर घोस्टचं नाव काढलं म्हणून लिहितो. मी फौजेत ईएमईमध्ये होतो, वाहन दुरुस्तीच माझं काम, प्रशिक्षण सिकंदराबादला. ताई, तुमच्या वडिलांसारख्या माणसांबद्दल मला फार आदर आहे.

अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ मध्ये आर्मर्ड कोअरने, म्हणजे फौजेच्या रणगाडा दलाने, उभं केलं. तिथे रोल्स-रॉइसची चिलखती गाडी आहे, आणि तिचा सांगाडा त्याच सिल्व्हर घोस्टचा. म्हणजे निजामाच्या सिंहासनाखाली जी चासी आहे तीच पोलादी चिलखत घालून रणात उतरवली. सहा सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह, सुमारे साडेसात लिटरचं इंजिन, आणि ते इतक्या मऊपणे चालायचं की चिलखताचं वजन चढवूनही वाळवंटात टिकलं. दोन्ही गाड्या बघितलेल्या मिस्त्रीला जे कळेल ते पुस्तकात वाचून कळणार नाही.

टँकांची तर गोष्टच वेगळी. मटिल्डा टँकात दोन बस-जातीची डिझेल इंजिनं शेजारी शेजारी बसवलेली असत. आपल्याकडे चेन्नईजवळ आवडी इथल्या कारखान्यात बनलेल्या विजयंता टँकाचं लेलँड एल-६० इंजिन त्याहून नवलाचं, एकाच सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन, सिलिंडर हेड नाहीच. हे वाक्य वडिलांना नुसतं वाचून दाखवा, बघा ते काय म्हणतात! १९६५ च्या लढाईत पकडलेला पॅटनही तिथे उभा आहे. बरेचसे टँक उघड्यावर, झाडांखाली, सपाटीवर आहेत, गुडघ्यांना त्रास नाही. हिवाळ्याचं कोवळं ऊन हीच तिथे जायची वेळ. उन्हाळ्यात ते लोखंड जवळ उभं राहू देत नाही. ओळखपत्र बरोबर ठेवा.

तरी या वेळी मी हैदराबादलाच मत देईन. कारण अंतर. समृद्धीने शिर्डीपर्यंतच ५२० किलोमीटर, तिथून खाली आणखी ऐंशीच्या वर. समृद्धी वेगवान आहे, १२० ची मर्यादा आहे, पण एकटा चालक असेल तर तीच गोष्ट अडचणीची ठरते. सरळ, मोकळा, एकसारखा रस्ता, हात-पाय हलवायचं काम नाही, आणि डोळे उघडे असून मन झोपतं. आपल्या व्हीएनआयटीने या रस्त्याच्या अभ्यासात हा धोका दाखवला होता. शिवाय नागपूरहून पश्चिमेला जाताना हिवाळ्याच्या संध्याकाळी सूर्य बरोबर काचेत येतो. दोघं चालवणारे असाल तेव्हा जा. मेहकरला उतरून लोणार, मग संभाजीनगरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी अहिल्यानगर असं करा. फक्त १२ जानेवारी टाळा, जिजाऊ जयंतीला सिंदखेडराजाकडे लाखो लोक येतात.

वर्धा_रोड_भाऊ

ताई, म्युझियमचं मला काही समजत नाही. मी नागपूर-हैदराबाद टॅक्सी चालवतो, त्यामुळे रस्त्याचं सांगतो.

पाचशे किलोमीटर आहे, पूर्ण चौपदरी, आणि एकटीने आरामात होते. सकाळी साडेसहाला निघा. त्याआधी निघून फायदा नाही, बुटीबोरीच्या पुढे शेतांवर धुकं बसलेलं असते आणि आठशिवाय उठत नाही. धुक्यात डिपरवर चालवा, अप्पर मारला की समोर पांढरी भिंत दिसते. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही वळून राहिले की थांबून राहिले ते समजत नाही. काचेवर आतून वाफ धरली तर एसी चालू करून हवा काचेवर सोडा, थंडी असली तरी. गरम पाहिजे तर नॉब गरमकडे फिरवा, पण एसी बंद करू नका.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही. डिसेंबर कापसाचा महिना. हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद, सगळीकडे बाजार भरलेला असते. कापसाने फुगलेले ट्रॅक्टर-ट्रॉल्या हायवेवर असतात, रुंदी लेनच्या बाहेर, मागे दिवा नाही. दिवसा काही वाटत नाही, पण अंधारात ते अंगावर आल्याशिवाय दिसत नाही. म्हणून जाताना-येताना सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोचायचं, हा माझा नियम आहे.

थांबे असे करा. पहिला जाम किंवा हिंगणघाट, चहा-पोहे. दुसरा पांढरकवडा. बाबांना नुसतं बसवू नका, पाच मिनिटं चालवा. मग पाटणबोरी, पैनगंगेचा पूल, आणि आदिलाबाद. स्वेटर डिकीत टाकू नका, हाताशी ठेवा, आदिलाबाद तेलंगणातल्या सगळ्यात थंड भागांपैकी आहे. जेवण निर्मलला. तिथली लाकडी खेळणी नावाजलेली आहेत, हलक्या पोनिकी लाकडाची, मुलाला एखादं घेऊन द्या. मग आर्मूर, कामारेड्डी, मेडचल. थांबत गेले तरी चार-साडेचारपर्यंत सिकंदराबाद. सहानंतर शहरात शिरलात तर मेडचलपासून गाडी रांगेत.

गाडीचं म्हणाल तर घरात मिस्त्री असताना मी काय सांगू. तरी हवा निघायच्या दिवशी सकाळी थंड टायरवर चेक करा. पारा पाच-साडेपाच अंश उतरला की टायरमधली हवा साधारण एक पीएसआय उतरते, म्हणजे नोव्हेंबरात दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे कमी भरते. स्टेपनीची पण पाहा. बॅटरी जुनी असेल तर दुकानावर लोड टेस्ट करून घ्या, थंडीत ती पहाटेच दगा देते. वायपरचं रबर कडक झालं असेल तर बदला, धुक्यात काच पुसायला लागतेच.

मिस्त्रीची_लेक (नागपूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज जेवणानंतर हे सगळे प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. ‘सिलिंडर हेड नाहीच’ इथे त्यांनी मला थांबवलं, वाक्य परत वाचायला लावलं, आणि मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर चित्र काढून त्याला समजावत बसले. एका बाजूने पिस्टन, दुसऱ्या बाजूने पिस्टन, मधे डिझेल. दोघं साडेदहापर्यंत तिथेच होते. ईएमईवाले काकाजी, तुमच्यामुळे झालं हे. बाबांनी निरोप सांगितला आहे की हिंगण्याला कुठे राहता ते कळलं तर भेटायला येतील.

तर हैदराबाद नक्की. गुरुवारी साडेसहाला निघणार, भाऊंनी सांगितलं तसं. शुक्रवारी सुधा म्युझियम आणि हुसेनसागर, शनिवारी पुरानी हवेली, बाराचं घड्याळ आणि चौमहल्ला, रविवारी परत. अहिल्यानगर फेब्रुवारीत, यांच्या सुट्टीत, दोघं चालवू तेव्हा. अहमदाबाद-उदयपूर पुढच्या हिवाळ्यात. बाबांनी त्याचं आत्ताच विचारून ठेवलं, बर्मा शेलचा पंप हाताने मारायचा आहे का म्हणून. एनएच४७ भाऊ, माहीत असेल तर सांगा.

माहेरवाशीण ताई, दोन गोष्टी राहिल्या. चौमहल्ल्यात शिरल्यापासून गाड्यांपर्यंत चालणं किती, मधे बसायला जागा आहे का? आणि शनिवारी दुपारचं जेवण कुठे करायचं? बाबा शाकाहारी आहेत, तिखट चालतं.

काचीगुड्याची_माहेरवाशीण

चौमहल्ल्यात चालणं बरंच आहे, आवार मोठं आहे. पण सपाट आहे आणि मधे बागेत, हौदाच्या कडेला बसता येतं. क्रम उलटा करा. लोक आधी दरबार हॉल, झुंबरं, भांडी, शस्त्रं बघत बसतात आणि गाड्यांपर्यंत पोचेतो पाय गळतात. तुम्ही तिकीट काढल्यावर कर्मचाऱ्याला विचारून थेट गाड्यांकडेच जा. तिथे हवा तेवढा वेळ घ्या. ताकद उरली तर येताना खिलवतचा दरबार हॉल. एकोणीस बेल्जियन झुंबरं आहेत, मुलाला मोजायला सांगा. पाचला बंद होतं, म्हणून अडीचच्या आत आत शिरलेलं बरं.

जेवणाला जुन्या शहरात शाकाहारी शोधत फिरू नका. सालारजंगहून ऑटोने काचीगुडा किंवा सुलतान बाजार गाठा, जवळच आहे. साध्या थाळीची, इडली-डोशाची भरपूर ठिकाणं आहेत आणि सुलतान बाजारात तुम्हाला दुकानादुकानात मराठी ऐकू येईल. तिथून परत चौमहल्ल्याला ऑटो. घड्याळाचे टोले संपले की लगेच निघालात तर वेळेत बसतं.

आणि बाबांसाठी स्वेटर दुपारी नको, पहाटे आणि रात्रीच लागेल. गुडघ्यांचा पट्टा मात्र मेट्रोत उभं राहावं लागलं तर असू द्या.

एनएच४७_प्रवासी

ताई, मी पाहिला तेव्हा तो पंप जुन्या खुणेसारखा जपून ठेवलेला होता. आतली यंत्रणा हाताची आहे का ते बाबांनाच तिथे बघून सांगावं लागेल. पुढच्या वर्षी निघायच्या आधी इथे लिहा, इंदूरला मुक्कामाची आणि गोध्र्याच्या बाजूच्या रस्त्याची तेव्हाची स्थिती सांगतो.